बी.एड.साठी पुण्यात येताय? खोलीपासून शेवटच्या सहीपर्यंत

कॅप फेरीत, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, कॉलेज पुण्याचं लागलं आणि घर मात्र बुलढाण्याला, हिंगोलीला नाहीतर नंदुरबारला, अशा मुलामुलींसाठी हे लिहितोय. मी एका माध्यमिक शाळेत शिकवतो. आमच्याकडे दरवर्षी छात्राध्यापकांची, म्हणजे शिकवण्याचा सराव करायला आलेल्या बी.एड.च्या विद्यार्थ्यांची, तुकडी येते. त्यातले निम्म्याहून अधिक बाहेरगावचे असतात आणि त्यांची पाठात जी ओढाताण होते, तिचं मूळ बहुतेक वेळा खोलीत, मेसमध्ये नाहीतर बसथांब्यावर असतं. टाचण, म्हणजे पाठाचं लेखी नियोजन, उत्तम असतं, पण माणूस उपाशी आणि घामाघूम होऊन वर्गात शिरलेला असतो.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की शहरातलं राहणं शाळेच्या घंटेपासून उलटं मांडत आणा. पहिला तास किती वाजता, त्यावरून बस, बसवरून खोली, खोलीवरून मेस. सगळे नेमकं याच्या उलट करतात. आधी मित्राच्या ओळखीची खोली घेतात आणि मग शाळा कुठे मिळते याची वाट बघतात.

घरून निघण्याआधी

तालुक्याला एक खेप म्हणजे पुण्याहून जाऊन-येऊन दोन-तीन दिवस गेले. म्हणून दाखल्यांची कामं गावीच उरकून घ्या. शाळा सोडल्याचा दाखला, पदवीच्या सगळ्या गुणपत्रिका, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जात प्रमाणपत्र, वैधता आणि नॉन-क्रिमीलेयर, मध्ये खंड पडला असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. पदवी अमरावती किंवा नांदेड विद्यापीठाची असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे सगळे ज्याला मायग्रेशन म्हणतात ते, आपल्या विद्यापीठाकडून मागवायला लगेच अर्ज टाका. पुण्याच्या विद्यापीठात पात्रता मंजूर व्हायला ते लागतं आणि ऐन परीक्षा अर्जाच्या वेळी त्यावाचून अडतं.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर भरायचा असतो आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच येतात. आपलं कुठलं खातं आधारला जोडलेलं आहे हे बँकेत जाऊन विचारून घ्या. बऱ्याच जणांचे पैसे शाळेत असताना उघडलेल्या, आता बंद पडलेल्या खात्यामुळे अडकतात. दुसऱ्या वर्षी अर्जाचं नूतनीकरण करावं लागतं, ते आपोआप होत नाही. राहण्याच्या खर्चासाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार, अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम आणि नोंदणीकृत मजूर किंवा अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता या योजना आहेत. अटी नीट वाचा. स्वाधार शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी आहे, तेव्हा वसतिगृहाचा अर्ज आधी करावाच लागतो. ग्रामीण भागातल्या गरजू विद्यार्थ्यांसाठी विद्यार्थी साहाय्यक समितीची वसतिगृहं पुण्यात १९५५ पासून आहेत. तिथे अर्ज आणि मुलाखत होऊन निवड होते. या सगळ्यांच्या तारखा प्रवेश नक्की व्हायच्या सुमारासच येऊन जातात, म्हणून कॉलेज सुरू होईपर्यंत थांबू नका.

आणखी एक. बालभारतीच्या संकेतस्थळावरून पाचवी ते दहावीची आपल्या विषयाची पुस्तकं फुकट उतरवता येतात. गावीच उतरवून फोनमध्ये ठेवा आणि एकदा चाळून घ्या. पदवीला ज्यांचा गणित विषय होता त्यांनाही सहावीचं पुस्तक नव्यानं वाचावं लागतं, हे पहिल्या पाठाला कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

वर्षाचं गणित

२०१४ च्या नियमांपासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्यात शाळेतली आंतरवासिता, म्हणजे इंटर्नशिप, एकूण २० आठवडे आहे. त्यातले साधारण ४ पहिल्या वर्षी आणि १६ दुसऱ्या वर्षी. कॉलेजच्या कामाला किमान ८० टक्के आणि आंतरवासितेला ९० टक्के हजेरी लागते. या ९० टक्क्यांवर बारीक लक्ष ठेवा. आठवड्याला सहा दिवस धरले तर १६ आठवड्यांत तुमच्या हाती नऊच दिवस उरतात. सणाला घरी जाणं, घरचं लग्न, तुमचा स्वतःचा ताप, सगळं त्यातच बसवायचं. विदर्भातल्या मुलांसाठी मुद्दाम सांगतो, तिकडे उन्हामुळे शाळा जूनअखेरीस उघडतात, इकडे जूनच्या मध्यालाच. गावातली शाळा अजून भरली नाही म्हणून निवांत राहू नका.

खोली: दोन टप्प्यांत घ्या

पहिल्या वर्षी बराच वेळ कॉलेजात जातो, तेव्हा कॉलेजजवळ राहिलात तर चालतं. दुसऱ्या वर्षी शाळा महत्त्वाची. कॉलेजच्या सरावशाळा सहसा ठरलेल्या असतात आणि दरवर्षी त्यात फारसा फरक पडत नाही. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठून यादी विचारा. मग कॉलेज आणि त्यातल्या जास्तीत जास्त शाळा एकाच बसमार्गावर येतील अशी जागा शोधा. एका दमात वर्षभराची खोली अडवण्यापेक्षा पहिला महिना कॉट बेसिसवर काढा. पेठांमध्ये कॉट बेसिस म्हणजे एका खोलीत तीन-चार कॉट, सामाईक बाथरूम, एक कपाट. ते बघायला जाल तेव्हा मालकाला हे विचाराच:

- पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ? दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवायचा दिवस पुण्यात बहुधा गुरुवार असतो. टाकी मोठी आहे का?
- सकाळी सहाला चौघांना आंघोळ उरकता येते का?
- रात्री अकरानंतर दिवा चालतो का? टाचणं रात्रीच लिहिली जातात. अशा खोल्यांत बहुधा स्पर्धा परीक्षावाली मुलं असतात, ती जागतात किंवा पहाटे उठतात. दोन्हींशी तुमचं जमायला हवं.
- फाटक किती वाजता बंद होतं? मुलींच्या वसतिगृहांत ही वेळ कडक असते आणि स्नेहसंमेलनाच्या दिवसांत शाळेतून निघायला उशीर होतो. कॉलेजचं पत्र दिलं तर सवलत मिळेल का, ते आधीच विचारा.
- डिपॉझिट किती, परत कधी, आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचं?

पैसे दिले की पावती घ्या. पावती नाहीच म्हणाले तर निदान खात्यावर भरा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डिपॉझिट मिळालं’ असं लिहून घ्या. खोली न बघता दलालाला फोनवरून पैसे पाठवू नका. आख्खी खोली तीन-चार जणांनी मिळून घेत असाल तर रीतसर भाडेकरार आणि पोलिसांकडे भाडेकरूची नोंद, दोन्ही करून घ्या.

पोट

पुण्यातल्या बऱ्याच मेस रविवारी फक्त दुपारी असतात, संध्याकाळी बंद. सोमवारी पाठ असतो आणि रविवारी रात्री आपण वडापाववर झोपतो, असं नेहमी होतं. रविवारची संध्याकाळ आधीच ठरवून ठेवा. जवळच्या पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणल्या आणि खोलीवर शेंगदाण्याची चटणी असली की भागतं. मेस लावताना खाड्याचा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वळते करण्याचा, नियम विचारा. काही ठिकाणी सलग तीन-चार दिवस गेला नाहीत तरच खाडा धरतात.

खरी अडचण सकाळची असते. मेस साडेदहा-अकराला उघडते आणि तुमची शाळा सातला. पहिली ते चौथीचे वर्ग सकाळी ९ च्या आधी भरवू नयेत असा शासनाचा २०२४ चा आदेश आहे, पण तुमचे वर्ग बहुधा पाचवीच्या पुढचे, त्यांचं सकाळचं अधिवेशन सातच्या आसपासच भरतं. घरून येताना दशम्या, शेंगदाण्याचे लाडू, भाजके फुटाणे आणा. टिकतं ते आणा. चहा-बिस्किटावर तीन तास उभं राहून बोलणं होत नाही, दुसऱ्या तासाला आवाज बसतो.

रस्ता

शाळा कळली की पहिल्या दिवसाआधी एकदा, कामाच्या वाराला, त्याच वेळेला जाऊन या. रविवारी दुपारी वीस मिनिटं लागलेला रस्ता सोमवारी सकाळी वेगळाच असतो. मेट्रोच्या दोन मार्गिका आहेत, वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट. दोन्ही जिल्हा न्यायालय स्थानकात एकमेकींना मिळतात. पीएमपीचा, म्हणजे शहर बसचा, मासिक पास निघतो, कॉलेजचं ओळखपत्र हातात आलं की लगेच काढा. परतीच्या बसची वेळही बघून ठेवा. सकाळी जाणारी गाडी मिळते, पण साडेबाराला सुटल्यावर तासभर उन्हात थांबावं लागतं, असे मार्ग आहेत.

पावसाळ्यात कार्डशीटचे तक्ते बसमधून नेणं म्हणजे दिव्यच. चित्रकारांकडे असते तशी झाकणाची प्लास्टिकची नळी अप्पा बळवंत चौकात मिळते. तिथेच कार्डशीट, मार्कर, गुंडाळफळा आणि जुनी पुस्तकंही मिळतील. ही खरेदी आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी उरका, रविवारवर विसंबू नका. आषाढीच्या आधी पालख्या पुण्यात येतात तेव्हा आणि गणपतीच्या दहा दिवसांत मध्यवर्ती रस्ते बंद असतात, बस वळवलेल्या असतात. त्या आठवड्यात निरीक्षणाचा पाठ मागून घेऊ नका.

शाळेतला पहिला आठवडा

कॉलेजचं पत्र घेऊन आधी मुख्याध्यापकांना भेटायचं, मग पर्यवेक्षकांना. हा क्रम मोडला की उगाच कपाळाला आठ्या पडतात. शिक्षकखोलीत कुठे बसायचं हे विचारून बसा. खिडकीजवळची खुर्ची कुणाची तरी वीस वर्षांची असते. पोशाखाबद्दल कॉलेजचा नियम असतोच. साडीची सवय नसलेल्या मुलींनी ती नेसून एकदा बसमध्ये चढून-उतरून बघावं.

विषयशिक्षकांना ‘सर, मी कोणता पाठ घेऊ?’ असं विचारू नका. त्यांना नियोजन पूर्ण करायचं असतं, तुमचा पाठ त्यांना मध्ये आलेला अडथळा वाटू शकतो. ‘पुढच्या आठवड्यात कुठला घटक आहे? त्यातला एक मी घेतला तर चालेल का?’ असं विचारा. तुम्ही त्यांचा एक तास हलका करताय हे लक्षात आलं की सूर बदलतो. बदली तास आनंदानं घ्या. घटक चाचणीचे पेपर तपासायला मदत करा, त्यातून संविधान तक्ता, म्हणजे प्रश्नपत्रिकेत कशाला किती गुण याचा आराखडा, प्रत्यक्षात कसा वापरतात हेही कळतं. त्याचा अहवाल तुम्हाला लिहायचाच आहे.

परिपाठाला वेळेवर हजर राहा. सगळ्या मुलांना तुम्ही दिसता ती वेळ तीच.

काही गोष्टी मात्र अजिबात नकोत. मुलांचे फोटो काढून स्टेटसला लावणं नको. अहवालासाठी हवेच असतील तर मुख्याध्यापकांची परवानगी घ्या. मुलांना आपला नंबर देऊ नका. आणि हात उगारू नका, पट्टीसुद्धा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे. ‘आमच्या गावात चालतं’ हे इथेच काय, गावातही चालत नाही.

पाठ: इथे वेळ घाला

सूक्ष्म अध्यापन, म्हणजे एकेका कौशल्याचा छोटा सराव पाठ, कॉलेजात होतं. ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण म्हणजे फीडबॅक, १२ मिनिटं पुनर्नियोजन, मग परत ६ आणि ६, असं ३६ मिनिटांचं चक्र. समोर वर्गमित्रच विद्यार्थी होऊन बसलेले असल्यानं सज्जता प्रवर्तन, म्हणजे प्रश्न विचारून वर्गाला पाठाकडे वळवणं, झकास जमतं. तुम्ही विचारता, मित्र हवं ते उत्तर देतो. शाळेत तसं होत नाही, आणि बाहेरगावच्या छात्राध्यापकाची गाडी नेमकी तिथेच अडते. उदाहरणं आपल्या गावची असतात आणि मुलं या शहराची.

आमच्या शाळेत यवतमाळकडच्या एका छात्राध्यापिकेनं सहावीला शेकडेवारी घेतली होती. टाचण नेटकं, उद्दिष्टं-स्पष्टीकरणं जागच्या जागी, तक्ता सुंदर. प्रस्तावनेला तिनं विचारलं, ‘कापसाचा भाव क्विंटलला इतका होता, तो इतका झाला, तर...’ वर्ग गप्प. क्विंटल म्हणजे किती, इथपासूनच अडलं. समोर बसलेल्यांपैकी कुणाचे वडील रिक्षा चालवणारे, कुणाची आई घरकाम करणारी, दोन-तीन जणांची मंडईत गाळ्यावर मदत. पाठ तिनं कसाबसा ओढून नेला.

दुसऱ्या तुकडीत तोच पाठ घ्यायचा होता. मध्ये तीन दिवस होते. तिला म्हटलं, टाचण बाजूला ठेव, शाळा सुटल्यावर मुलं ज्या रस्त्यानं घरी जातात त्या रस्त्यानं चालून ये. ती लक्ष्मी रस्त्यापर्यंत गेली आणि दुकानांवरच्या पाट्या वहीत उतरवून आली. दुसऱ्या पाठाला तिनं फळ्यावर फक्त एवढंच लिहिलं: ‘५०% सूट + आणखी २०%’. एक मुलगा लगेच म्हणाला, ‘मॅडम, म्हणजे सत्तर टक्के!’ मागचा म्हणाला, ‘नाही रे, माझा भाऊ कपड्याच्या दुकानात आहे, तसं देत नाहीत.’ वाद पेटला. तिनं हजार रुपयांचा शर्ट घेतला. निम्मे गेले, राहिले पाचशे. पाचशेचे वीस टक्के शंभर, म्हणजे शर्ट चारशेला. सूट सहाशेची, साठ टक्के. पहिल्या मुलानं तोंडात बोट घातलं आणि मग विचारलं, ‘मग ते सत्तर वाटेल असं का लिहितात?’ मार्गदर्शक प्राध्यापकांनी निरीक्षण वहीत काय लिहिलं माहीत नाही, पण मला तो पाठ फार आवडला. आणि शेवटच्या पाच मिनिटांत तिनं कापूस आणलाच, या वेळी बोंडाचा फोटो दाखवून आणि एक क्विंटल म्हणजे शंभर किलो हे आधी सांगून. तोवर वर्ग तिच्या बाजूला आलेला होता.

तेव्हा पाठाच्या आधी शाळेच्या आसपासचा अर्धा-एक किलोमीटर पायी फिरा. मंडईतले भाव, रिक्षाचं मीटर, बसचं तिकीट, नदीपात्रातलं पाणी, वस्तीतला नळ, सगळं टाचणात येतं. इतिहासवाल्यांना तर पुण्यात उदाहरणं शोधावी लागत नाहीत. बुधवार पेठेत भिडेवाड्याची जागा आहे, जिथे १८४८ मध्ये फुले दांपत्यानं मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनीही अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं होतं, हे आपल्या मुलांना सहसा माहीत नसतं. सांगून बघा.

टाचणाच्या सहीसाठी मार्गदर्शकांना निदान दोन दिवस आधी गाठा, आदल्या संध्याकाळी नको. ३५ मिनिटांची तासिका असेल तर टाचण २८ मिनिटांचं करा, सात मिनिटं हजेरी, शांतता आणि ‘सर, पाणी प्यायला जाऊ?’ यात जातात. फलकलेखनाचा सराव शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात करा. शेवटच्या बाकावर बसून स्वतःचं अक्षर वाचून बघा. कोपऱ्यात खाली लिहिलेलं मागच्याला दिसतच नाही.

बोलण्याबद्दल

पहिल्या आठवड्यात तुमच्या एखाद्या शब्दावर, सुरावर मुलं हसतील. हसू द्या. वर्गात प्रमाण मराठीत बोलायची सवय करा, पण आवाज बदलून पुणेरी बोलायचा प्रयत्न केलात तर मुलं ते दोन मिनिटांत ओळखतात. मराठीच्या छात्राध्यापकांना तर हे भांडवलच आहे. बोलीतल्या कवितेचा पाठ आला की तो तुम्हीच घ्या, ती चाल इथल्या कुणाला तुमच्यासारखी जमणार नाही. शिक्षकखोलीत कुणी बोलून दाखवलं तर मात्र हसून सोडून द्यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी सोडत नसे.

पैसे आणि पुढची परीक्षा

आंतरवासितेला सहसा मानधन मिळत नाही. शिकवण्या करायच्या तर पहिल्या वर्षी, किंवा आंतरवासिता नसलेल्या महिन्यांत करा. सकाळी शाळा, दुपारी अहवाल आणि संध्याकाळी तीन घरी शिकवण्या असं चालवणारे दिवाळीच्या सुमारास आजारी पडतात, आणि मग ते ९० टक्के हातचे जातात.

टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पहिली ते आठवीला शिकवण्यासाठी लागते. १५० गुणांपैकी खुल्या गटाला ६० टक्के, म्हणजे ९० गुण हवेत. त्यानंतर भरतीसाठी २०० गुणांची अभियोग्यता चाचणी आणि शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. बालमानसशास्त्राचा अभ्यास बी.एड.बरोबरच होऊन जातो, वेगळा क्लास लावायची गरज मला तरी वाटत नाही. अंकगणित आणि बुद्धिमत्तेसाठी रोज थोडा वेळ द्या. पेठांतल्या अभ्यासिका त्यासाठी बऱ्या, खोलीवर ते होत नाही.

निघताना

आंतरवासिता संपायच्या आठवडाभर आधीच मुख्याध्यापकांच्या प्रमाणपत्राचा मसुदा लिपिकाकडे द्या. त्यात सुरुवातीची आणि शेवटची तारीख, पाठांची संख्या, हजेरीचे दिवस, सही आणि गोल शिक्का हवा. लिपिक रजेवर गेला की ते आठ-पंधरा दिवस लांबतं. प्रत्येक निरीक्षण पत्रकावर विषयशिक्षकांची सही त्या त्या दिवशीच घ्या, शेवटी एकगठ्ठा सह्या कुणी देत नाही आणि मागूही नये. शाळेच्या ग्रंथालयाची पुस्तकं आणि प्रयोगशाळेतून नेलेलं साहित्य परत करून तशी नोंद करून घ्या. खोली सोडायची नोटीस ठरल्याप्रमाणे, बहुधा महिनाभर आधी, लेखी द्या. मेसचे उरलेले पैसे आणि डिपॉझिट हातात पडल्यावरच गावच्या गाडीचं तिकीट काढा.